मिठाची साक्ष

शाळेच्या प्रयोगशाळेंत विद्यार्थी परीक्षानळींत मिठाचें पाणी घेतो, त्यांत सौम्य नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाकतो आणि वर सिल्व्हर नायट्रेटचा द्राव सोडतो. क्षणांत दह्यासारखा पांढरा साका दिसूं लागतो. तो अमोनियांत विरघळला कीं वहींत ‘क्लोराइड आहे’ असें लिहिलें जातें व गुण मिळतात. हा विधि ज्या प्रश्नांतून जन्मास आला, तो प्रश्न मात्र वहींत कोठेंच नसतो.

तो प्रश्न पाण्याचा होता. रॉबर्ट बॉइल यानें सतराव्या शतकांत चांदीच्या द्रावानें गोड्या पाण्यांतील मीठ ओळखण्याची रीत सांगितली, आणि १६८५ सालीं खनिज झऱ्यांच्या परीक्षेवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें. स्वीडनच्या बेर्गमाननें १७७८ मध्यें पाण्याच्या परीक्षांना पद्धत लाविली. आणि फ्रेसेनियस या तरुण जर्मनानें १८४१ मध्यें पृथक्करणाचा जो ग्रंथ रचिला, त्याच्याच वाटेनें शाळा-महाविद्यालयांतील मुलें पुढें पिढ्यान्‌पिढ्या चाललीं. आमच्याकडे कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयांत शास्त्र शिकविणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनीं (१८४७–१९०६) रसायनशास्त्र मराठींत लिहून तें इंग्रजी न जाणणाऱ्यांच्या हातीं दिलें. आश्चर्य असें कीं, बॉइलच्या काळीं क्लोरीन हें मूलद्रव्य ठाऊक नव्हतें. तें मूलद्रव्य असल्याचें डेव्हीनें १८१० मध्यें सांगितलें. ‘आयन’ हा शब्द तर फॅरडेनें १८३४ मध्यें रूढ केला. म्हणजे साक्ष आधीं मिळाली. साक्षीदाराचें नांव मागाहून कळलें.

खारघरांत राहणाऱ्यास हा इतिहास विशेष आठवावा असा आहे. शेजारीं तळोजें औद्योगिक वसाहत, तिच्यालगत कासाडी नदी, आणि पुढें भरती-ओहोटीची खाडी. २०१७ च्या ऑगस्टांत वसाहतींतील भटकीं कुत्रीं निळीं दिसूं लागलीं, तेव्हां सांडपाण्याची चर्चा सर्वत्र झाली. निळा रंग डोळ्यांस दिसतो; क्लोराइड दिसत नाहीं. नदीच्या पाण्यांत तेंही अधिक असल्याचें त्या वेळीं वृत्तपत्रांनीं छापिलें.

आतां एखाद्या विद्यार्थ्यानें खाडीजवळचें पाणी आणून हीच परीक्षा केली, तर काय सिद्ध होईल? पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें २५० मिलिग्रॅम ही क्लोराइडची इष्ट मर्यादा मानितात. समुद्राच्या पाण्यांत तें सुमारें १९ ग्रॅम असतें. जेथें भरती शिरते, तेथें साका पडणारच. तो कारखान्याविरुद्ध पुरावा नव्हे, आणि कारखान्याच्या निर्दोषपणाचा दाखलाही नव्हे. परीक्षानळी ‘काय आहे’ एवढेंच सांगते. ‘कोठून आलें’ हें सांगत नाहीं. त्यासाठीं वसाहतीच्या वर व खालीं, भरतीस व ओहोटीस निरनिराळे नमुने घेऊन प्रमाण मोजावें लागतें.

मुलांनीं ही परीक्षा पाठ करावीच. परंतु एकदां तरी बाटल्या घेऊन नदीकांठीं जावें, आणि प्रत्येक बाटलीवर जागा, वेळ व भरती-ओहोटी लिहावी. ज्या पाण्यासाठीं ही रीत निघाली, त्या पाण्याशीं तिचा संबंध मग पुन्हा जुळेल.