तुरा आणि सैल धागा

प्रवरेकाठच्या बेलापूरचे नाव साखरेच्या इतिहासात आले ते हरिगावच्या कारखान्यामुळे; प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू होण्याआधीचा हा अध्याय. उसाचा तुरा कवितेत शोभतो, बागायतदाराला मात्र तो नको असतो. तुरा आला की वाढ थांबते, आणि तोड लांबली तर साखरेचा उतारा घटतो. वनस्पती फुलण्याची वेळ कशी ठरवते, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला केवळ प्रयोगशाळेचा वाटत नाही.

एमिल फिशर यांनी 1894 साली विकरांसाठी कुलूप-किल्लीची उपमा योजली आणि प्रथिनाचे कार्य त्याच्या आकारात असते, ही समजूत शतकभर टिकली. (उपमा किती दीर्घायुषी असतात, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांना सांगायला नको.) राइट आणि डायसन यांनी 1999 साली तिच्या फेरविचाराची मागणी केली: कित्येक प्रथिनांतील लांब पट्टे ठरावीक घडी घालतच नाहीत, तरीही कामाचे असतात. इंग्रजीत त्यांना अव्यवस्थेचे विशेषण चिकटले. आम्ही ‘सैल’ म्हणू.

अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील रोपट्यात ईएलएफ-3 हे प्रथिन वाढीच्या व फुलण्याच्या जनुकांवर दाब ठेवते. ते निकामी झाले तर रोप लवकर फुलते. ऊब वाढताच सैल पट्ट्यामुळे ते थेंबांत गोळा होते आणि दाब सुटतो, असे 2020 साली दाखवले गेले. ब्रॅकिपोडियम या गवताच्या ईएलएफ-3मध्ये मात्र तसा पट्टा आढळत नाही, आणि उष्णतेने त्याचा दाबही ढळत नाही. ऊस गवताच्याच कुळातला; शिवाय त्याचा तुरा मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरतो. मोहरीकडून मिळालेले उत्तर बेलापूरच्या फडाला जसेच्या तसे लागू पडणार नाही.