झाड हंगामी नसते

वृक्षसंवर्धनाचा आपला इतिहास हा मुख्यतः कायद्यांचा, खात्यांचा आणि पाहुण्यांच्या हस्ते लावलेल्या रोपांचा इतिहास आहे. 1950 साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. 2019 साली महाराष्ट्रात 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला गेला, तोही सर्वांच्या ध्यानात आहे. पण रोप लावल्यानंतरच्या पहिल्या तीन उन्हाळ्यांत त्याला पाणी कोणी घातले, शेळीच्या तोंडातून ते कोणी वाचवले, हे ग्रंथांत सापडत नाही. ती नोंद असते मस्टरवर. आणि मस्टर हे इतिहासाचे साधन आहे असे आपल्या इतिहासकारांना वाटलेले नाही. मी येथे या मजुराचा इतिहास मांडू पाहतो आणि त्याला चिकटवलेल्या 'हंगामी' या शब्दाचाही.

मी फैजपूरच्या बाजूचा. फैजपूर म्हटले की डिसेंबर 1936 चे काँग्रेस अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि उभारणीची धुरा धनाजी नाना चौधरींकडे. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून टिळकनगर सजवले. त्यांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. पण तो बांबू तोडणारे, वाहणारे, विणणारे हात अनामिक राहिले. याच अधिवेशनाने जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला, त्यात शेतमजुराला जगण्यापुरते वेतन आणि कामाची योग्य परिस्थिती कायद्याने मिळावी, असे एक कलम होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. म्हणजे भूमिहीन मजुराचा प्रश्न 1936 साली दोन्ही दिशांनी ऐरणीवर आला होता. ते कलम फैजपुरात मंजूर झाले, म्हणून त्याचा जाब विचारण्याचा पहिला हक्क फैजपूर परिसरातल्या मजुराचा आहे.

राखणीचे काम आपल्या समाजाला नवे नाही. वतनी महाराकडे गावाच्या शिवेची राखण होती, सरकारी कामदार आला की त्याच्यासाठी लाकूडफाटा आणणे होते, रात्री-अपरात्रीची हाक होती. 1874 च्या वतन कायद्याने या सेवेवर सरकारी शिक्का मारला. कामाला वेळ नाही, मोबदल्याला माप नाही आणि नकार द्यायची सोय नाही, अशी ती चाकरी होती. बाबासाहेबांनी 1928 पासून मुंबई विधिमंडळात तिच्याविरुद्ध झुंज दिली. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले.

खानदेशात या चित्राला आणखी एक बाजू आहे. येथे गावचा जागल्या बहुधा भिल्ल असे. 1825 साली औट्रमने भिल्लांची पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावला होते. ज्याचे रान घ्यायचे, त्यालाच राखणीला बसवायचे, ही त्या राज्यकारभाराची रीत. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी पक्क्या झाल्या आणि गुरे चारणारा, मोळी आणणारा माणूस गुन्हेगार ठरला. जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगल खात्याच्या या जाचावर कोरडे ओढले, ते उगाच नव्हे. आजही बागेच्या किंवा रोपवनाच्या कुंपणाशी बसलेला राखणदार ज्या शेळ्या हाकलतो, त्या बहुतेक वेळा त्याच्याच वस्तीतल्या असतात. गरिबाला गरिबावर पहारा करायला लावण्याची ही जुनीच व्यवस्था आहे.

आता प्रत्यक्ष काम पाहू. उन्हाळ्यात, जमीन दगडासारखी असताना, खड्डे खणायचे. मृग बरसला की रोपे लावायची. श्रावणापासून निंदणी, आळी करणे, माती भुसभुशीत करणे. पाऊस सरला की बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालायचे. हिवाळ्यात वाळलेले गवत काढून जाळरेषा तयार करायच्या, कारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याची भीती. आणि त्याच चार महिन्यांत पाणी. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. केळीच्या बागांना ठिबकने पाणी पोचते. माळावरच्या कडुलिंबाच्या रोपाला ते डोक्यावरच्या हंड्यानेच पोचते.

हे सारे जोडून पाहिले तर वर्षाचे बारा महिने भरतात. मग काम हंगामी कसे? कागदावर खड्ड्यांचे शीर्षक वेगळे, लागवडीचे वेगळे, देखभालीचे वेगळे. प्रत्येक शीर्षकाला निराळा निधी, निराळे मस्टर. माणूस तोच, हात तेच, पण कागदावर तो दर वेळी नव्याने जन्माला येतो. झाडाची तहान अखंड असते. खंड असतो तो मजुराच्या हजेरीत.

1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर आली. तिची कल्पना वि. स. पागे यांची, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. या कायद्याने गावगाड्याच्या बाहेर, पाटलाच्या मेहेरबानीवाचून रोख मजुरी मागण्याचा हक्क दिला. दलित आणि आदिवासी बायकांनी तो मोठ्या संख्येने वापरला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. 1982 साली राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले आणि रस्त्याच्या कडा, गायराने, पडीक जमिनी लागवडीखाली येऊ लागल्या. याच पडीक जमिनी भूमिहीनांना द्या, म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 साली लाखो माणसे तुरुंगात गेली होती. जमीन मागणाऱ्याच्या हातात वीस वर्षांनी पाण्याचा हंडा आला. माझी आई अशा कामावर दोन उन्हाळे होती. तिचा अंगठा एका कार्यालयाच्या मस्टरवर उमटला आणि तिथेच राहिला. घरी तिच्याजवळ त्या कामाचा एक चिठोराही नव्हता.

चिठोऱ्याचे महत्त्व किती, हे पुण्याच्या पाचगाव पर्वतीच्या खटल्याने दाखवले. तळजाईच्या बाजूच्या उघड्या टेकड्यांवर झाडे वाढवून पुणेकरांसाठी वनउद्यान करण्याची ती योजना. तिथले मजूर वर्षाला शंभरपासून तीनशेतीसपर्यंत दिवस, पाच-पाच सहा-सहा वर्षे राबले आणि तरीही तात्पुरतेच राहिले. त्यांनी 1971 च्या महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याचा आधार घेतला. कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या हेतूने कामगाराला वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे, ही त्या कायद्यातली एक अनुचित प्रथा. सरकारचा बचाव असा की वन खाते हे सार्वभौम कार्य करते, तो उद्योग नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1995 मध्ये, जगन्नाथ मारुती कोंढारे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात, हा बचाव फेटाळला. लोकांच्या विरंगुळ्यासाठी बाग वाढवणे हे असे काम नव्हे की जे फक्त राजसत्तेनेच करावे. आणि वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवण्यातूनच हेतू उघड होतो, असा त्याचा आशय.

पुढे 31 जानेवारी 1996 च्या शासन निर्णयाने 8,038 वनमजुरांसाठी अधिसंख्य पदे निर्माण झाली. अट होती, पाच वर्षे आणि दर वर्षी 240 दिवस. 16 ऑक्टोबर 2012 च्या निर्णयाने आणखी 6,546 जण कायम झाले. हे विजय लहान नाहीत. पण रोजगार हमीवरचे दिवस या 240 मध्ये धरले जात नव्हते. म्हणजे झाड तेच, हंडा तोच, पण मजुरी कोणत्या योजनेतून आली यावर माणसाचे आयुष्य ठरले. या चाळणीतून बायका आणि भूमिहीन सर्वांत आधी गळाले, यात नवल नाही.

येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. हंगामी आस्थापनेतल्या कामगारालाही कायम होता यावे, म्हणून आदर्श स्थायी आदेशांत 190 दिवसांची तरतूद होती. 'हंगामी' म्हणजे हक्कशून्य, असे कायदा म्हणत नव्हता. ते व्यवहाराने म्हटले. 2006 च्या उमादेवी निकालानंतर तात्पुरत्यांची दारे बंद झाल्याचे सर्वत्र सांगितले गेले. तेव्हा एस.टी.च्या सफाई कामगारांसाठी 2009 साली सर्वोच्च न्यायालयातून, 1971 च्या कायद्याखालचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार अबाधित आहे, हे वदवून घेतले ते कास्ट्राईब संघटनेने. आपल्याच चळवळीतून निघालेल्या या संघटनेने मिळवलेला हा निकाल किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

नागरी भागातील झाडांसाठी 1975 चा महाराष्ट्राचा कायदा आहे आणि त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणनेची तरतूद आहे. नगरपालिकेच्या बागेतली प्रत्येक बुंधा मोजला जाण्याची सोय झाली. तो बुंधा जगवणाऱ्यांची गणना कोणी करायची? वतनाच्या काळात काम होते, माणूस मोजला जात नव्हता. मस्टरच्या काळात माणूस मोजला जातो, पण 240 भरण्याआधी मोजणी थांबते. या दोन काळांत अंतर आहे, पण ते आपण मानतो तेवढे नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. आपल्या तालुक्यातली एक बाग, एक रोपवन निवडा. तिथे राबलेल्या बायाबापड्यांकडे जा. कोणत्या साली, कोणत्या मुकादमाच्या हाताखाली, किती दिवस, काय मजुरीवर, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. माहितीच्या अधिकारात जुनी मस्टरे मागा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. आज कामावर असलेल्यांना हजेरीची आपली वही ठेवायला शिकवा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरातल्या पोराने ती लिहावी. पाचगाव पर्वतीच्या मजुरांना न्याय मिळाला, कारण त्यांचे दिवस सिद्ध करता आले. न मोजलेल्या दिवसांवर कोणतेही न्यायालय निकाल देत नाही, आणि कोणताही इतिहास लिहिला जात नाही.