पिकअपच्या हौद्यात घर कसं मावतं? रीलमध्ये न दिसणारं गणित

एक पिकअप ट्रक वाळवंटात येऊन थांबतो. मागचा फाळका खाली येतो, प्लायचे दोन लांबलचक खण सुर्रकन बाहेर सरकतात. एकात स्टोव्ह, भांडी, मसाल्यांच्या बाटल्या. दुसऱ्यात कपडे, दोऱ्या, खुर्च्या. खणांच्या वर गादी, गादीवर झोपाळू कुत्रा. तीस सेकंदांत रील संपतं आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढंच तर आहे! एक वीकेंड, चार प्लाय, झालं काम.

काम खरंच घरी होण्यासारखं आहे. अमेरिकेत हजारो लोक ते गराजमध्ये स्वतः करतात. पण प्लाय कापायच्या आधी जी आकडेमोड करावी लागते, ती रीलमध्ये येत नाही. आणि त्यातले काही आकडे चुकले तर फक्त खण अडकत नाही, जीवावर बेतू शकतं.

हे प्रकरण आहे तरी काय?

अमेरिकेत पिकअप म्हणजे घरची गाडी. फोर्ड कंपनीने 1925 साली मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा लावून विकायला सुरुवात केली, किंमत 281 डॉलर. आज फोर्डची एफ-सीरिज तिथे 1977 पासून सर्वाधिक विकला जाणारा ट्रक आहे. आठवड्याभर हौद्यातून सिमेंट, लाकूड, गवत कापायचं मशीन न्यायचं आणि शनिवारी त्याच हौद्यात झोपायचं, ही कल्पना तिथे जुनीच.

हौद्यावर छप्पर म्हणून फायबरग्लास किंवा अ‍ॅल्युमिनियमचं टोपण बसतं, त्याला टॉपर म्हणतात. तयार कॅम्पर विकत घ्यायचा तर हजारो डॉलर जातात, म्हणून लोक नवा-जुना टॉपर घेतात आणि आतलं सामान-सुमान प्लायमध्ये स्वतः बनवतात. मुक्कामाला जागाही मिळते. अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे अफाट जमीन आहे आणि तिच्या बऱ्याच भागात 28 दिवसांच्या काळात 14 दिवसांपर्यंत फुकट तळ ठोकता येतो. तिथे नळ नाही, संडास नाही, दुकान नाही. जे लागेल ते हौद्यातच हवं.

या प्रवासाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लेखक जॉन स्टाइनबेक यांचं. 1960 मध्ये त्यांनी जीएमसीच्या पिकअपवर कॅम्पर चढवला, डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याचं नाव रोसिनान्ते ठेवलं आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन अमेरिका पालथी घातली. ती गाडी आज कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावी त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे. सामान भरताना स्टाइनबेक यांनी वाचायची राहिलेली दीडशे पौंड पुस्तकंही टाकली होती. म्हणजे सुमारे 68 किलो, एका अख्ख्या माणसाचं वजन. गरजेपेक्षा जास्त भरलं, हे त्यांनी पुस्तकात मान्यही केलंय. कॅम्पर बनवणाऱ्यांचा हा रोग इतका जुना आहे.

आधी टेप, मग करवत

हौद्याची लांबी साधारण तीन मापांत येते: साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट. पण खरं अडवतात ते चाकांवरचे दोन उंचवटे. मोठ्या पिकअपमध्ये या उंचवट्यांच्या मधे 50 इंचांच्या आसपास जागा असते, म्हणजे आठ बाय चारचा प्लाय तिथे सपाट झोपतो. टोयोटा टकोमासारख्या मधल्या आकाराच्या गाड्यांत ही जागा बरीच कमी, त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेला नकाशा दुसऱ्याच्या गाडीत बसेलच असं नाही.

आता हे 50 इंच कुठे जातात बघा. सांगाडा आत-बाहेर करता यावा म्हणून इंचभर सोडायचा. 18 मिलिमीटरच्या तीन उभ्या फळ्या, दोन कडेला आणि एक मधे, मिळून दोन इंच खातात. प्रत्येक खणाच्या दोन्ही बाजूंना थोडी फट हवी, नाहीतर पावसाळी हवेत लाकूड फुगलं की खण बाहेर यायला नकार देतो. मग खणाच्या स्वतःच्या भिंती. शेवटी हातात उरतात प्रत्येक खणात 22 इंच. उंचीचंही तेच. सांगाडा 12 इंच उंच केला तर आत जेमतेम 10 इंचांची वस्तू मावते. कुकर आडवा ठेवायचा का उभा, हा प्रश्न इथे खरोखरचा आहे. म्हणूनच अनुभवी लोक आधी आपली सगळ्यात उंच वस्तू मोजतात, मग सांगाड्याची उंची ठरवतात.

आणि त्या उंचीची किंमत झोपणाऱ्याला मोजावी लागते. टॉपरच्या आत तळापासून छतापर्यंत साधारण 40 इंच मिळतात. 12 इंचांचा सांगाडा आणि तीन इंचांची गादी गेली की वर उरतात 25. बसलेल्या प्रौढ माणसाची उंची असते 35 इंचांच्या आसपास. म्हणजे रात्री आत शिरल्यावर ताठ बसता येत नाही. कपडे आडवं पडून बदलायचे, पुस्तक कोपरावर टेकून वाचायचं. उन्हाळ्यात दोन रात्रींसाठी चालून जातं. तीन दिवस पाऊस लागला तर मात्र हे घर कमी आणि रेल्वेचा वरचा बर्थ जास्त वाटायला लागतं.

यावर दुसरा मार्ग आहे. पूर्ण हौदाभर उंच पलंग न करता एका बाजूला आपल्याकडच्या दिवाणासारखी बुटकी पेटी करायची, वरची फळी उचलली की सामान. दुसऱ्या बाजूला अरुंद कपाट. झोपायची जागा एकाचीच होते, पण माणूस बसू शकतो. एकटं फिरणाऱ्याने सरकत्या खणांच्या मोहात न पडता हेच करावं. दिसायला साधं आहे, म्हणूनच बहुधा त्याची रीलं होत नाहीत.

सरकता खण: दिसतो सोपा

सहा फूट लांबीच्या खणाला लागणारे भक्कम लोखंडी स्लाइड महाग असतात आणि स्वतःच बरेच जड असतात. म्हणून घरी बनवणारे बरेचजण स्लाइड वापरतच नाहीत. खणाच्या तळाला गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावतात, किंवा लाकडावर मेण घासतात. काहीजण स्केटबोर्डच्या चाकांचे बेअरिंग ओळीने बसवतात आणि खण त्यांच्यावरून पळतो. बेअरिंग स्वस्त मिळतात, पण वाळवंटातली बारीक धूळ त्यांच्यात शिरते. मेणाला धुळीचं काही पडलेलं नसतं.

पण मोठा धोका वेगळाच आहे. समजा, सहा फुटांच्या खणात 40 किलो सामान सारखं पसरलंय. तो चार फूट बाहेर ओढला आणि पुढे फाळक्याचा आधार नसेल, तर खणाचं आतलं टोक वरच्या फळीला 20 किलोच्या जोराने उचलू बघतं. अजून एकच फूट ओढला की तो जोर होतो 80 किलो. एका फुटात चौपट! स्क्रू उपटून सांगाडा उघडतो तो इथेच, आणि खण पायावर पडतो तोही इथेच. उपाय साधा: खणाचा निदान एक तृतीयांश भाग कायम आत राहील असा अडसर आतून ठोकायचा, आणि जड वस्तू खणाच्या आतल्या टोकाला ठेवायच्या. रील करणाऱ्यांना खण पूर्ण बाहेर काढून दाखवायचा असतो, हा भाग निराळा.

वजनाचं पुस्तक

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून वजन किती चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. माणसं धरून, हे महत्त्वाचं. बरेचजण तो आकडा फक्त सामानाचा समजतात.

स्टिकरवर 600 किलो असल्याचं धरू. दोघांचे 150, टॉपरचे 85. प्लायचे 12 मिलिमीटरचे दोन आणि 18 चा एक ताव मिळून 70. पाणी 40 लिटर म्हणजे 40 किलो. बर्फाची पेटी 30, बॅटरी 20, कपडे-भांडी-अन्न-गादी 60. झाले 455. ठीक आहे, पण यात सायकली नाहीत, हत्यारं नाहीत, कुत्राही नाही. भक्कम हवं म्हणून सगळीकडे 18 चाच प्लाय वापरला, आणखी दोन ताव लागले, पाणी दुप्पट घेतलं, की आकडा 600 च्या अगदी जवळ जातो. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला वेळ लागतो, टायर तापतात, वळणावर मागचा भाग झुलतो. म्हणून उभ्या फळ्या जाड आणि बाकी सगळं पातळ, हाच शहाणा हिशेब. पाणी आणि बॅटरी केबिनच्या बाजूला, तळाशी ठेवायची, म्हणजे भार मागच्या चाकांच्या मागे जात नाही.

बांधून ठेवायचं कसं, यावर मतभेद आहेत, पण हौद्याच्या तळात भोकं पाडू नयेत यावर बहुतेकांचं एकमत. बऱ्याच पिकअपमध्ये हौद्याच्या खालीच इंधनाची टाकी असते, लांब स्क्रू कुठे घुसेल सांगता येत नाही. शिवाय भोकातून गंज सुरू होतो. त्यापेक्षा हौद्यात सामान बांधायच्या कड्या आधीच असतात, त्यांना पिळून घट्ट होणाऱ्या तारेच्या ताणांनी सांगाडा आवळतात. सोमवारी सिमेंट आणायचं असेल तर अर्ध्या तासात सगळं उतरवता येतं. नुसतं ठेवून भागणार नाही, कारण ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळून पाऊण मीटरमध्ये थांबली तर 20 किलोची सुटी पेटी पुढच्या भिंतीवर अडीचशे किलोपेक्षा जास्त जोराने जाते.

रात्री दार आतून उघडतं का?

हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. बरेच टॉपर माल ठेवायला बनवलेले असतात, माणूस झोपवायला नाही. त्यांची कडी बाहेरूनच लागते आणि बाहेरूनच उघडते. कोणी चेष्टेने फिरवली, किंवा फाळका आपोआप अडकला, तर आतला माणूस कोंडला जातो. आतून उघडणारी कडी बसवणं हे गादीच्या आधीचं काम आहे. खिडकी सरकती असेल तर तिच्यातून बाहेर पडता येतं का, हेही दिवसाउजेडी करून बघावं.

दुसरी गोष्ट स्टोव्हची. बाहेर थंडी-पाऊस असला की आतच चहा टाकायचा मोह होतो. एवढ्याशा बंद जागेत ज्योत पेटली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि गुंगी आल्यावर दार उघडायचं सुचत नाही. तंबूत किंवा कॅम्परमध्ये कॅम्पिंगचा स्टोव्ह पेटवू नका, असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्य संस्था बजावते. स्वयंपाकाचा खण फाळक्यावर बाहेर सरकतो तो यासाठीच. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीजवळ लावणं हा सगळ्यात कमी पैशांत होणारा भाग आहे. गॅसची टाकीही पलंगाखालच्या खणात ठेवू नये. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी, म्हणजे नेमका खणांत साचतो.

खिडक्या गच्च बंद करून झोपू नये याला आणखी एक कारण आहे. दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासातून निघणारं पाणी थंड छतावर जमतं आणि गादीच्या खाली उतरतं. गादीखालच्या फळीला भोकं पाडलेली नसतील तर काही आठवड्यांत बुरशी.

भारतात करता येईल?

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या पिकअप भारतात विकल्या जातात, त्यामुळे प्रश्न येणारच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पक्कं छप्पर किंवा गाडीला जोडलेला पलंग बसवायच्या आधी आरटीओत लेखी विचारून घेणं भाग आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याचा रोख रीतसर कॅरॅव्हॅन आणि त्यांच्या पार्कवर आहे, घरी सुतारकाम केलेल्या पिकअपवर नाही.

प्लायचं मात्र इथे सोपं आहे. दुकानात आयएस 710 छापलेला मरीन प्लाय मागायचा, तो पाण्याला टिकतो. आयएस 303 मधला साधा एमआर प्लाय स्वस्त मिळेल, पण कोकणातल्या एका पावसाळ्यात त्याच्या कडा सुटायला लागतील. कोणताही घेतला तरी कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्यायचेच, कारण पाणी आधी कडेतूनच शिरतं.