खाद्यपदार्थांची जाहिरात व गृहिणी, युद्धोत्तर अमेरिकेतील
दुसऱ्या महायुद्धानंतर (१९३९–४५) अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तयार व अर्धतयार खाद्यपदार्थांचा खप वाढविण्यासाठी मध्यमवर्गीय गृहिणीस उद्देशून विशिष्ट जाहिरातपद्धती विकसित झाली. सैन्याच्या रसदीसाठी डबाबंद व निर्जलित पदार्थांचे उत्पादन युद्धकाळात मोठ्या प्रमाणावर वाढले होते; शांतता होताच त्यास नागरी ग्राहक हवा होता. त्याच सुमारास उपनगरांतील नवी घरे, प्रशीतक, सुपरमार्केट व दूरचित्रवाणी यांचा प्रसार झाला. घरातील किराणा बहुधा गृहिणीच खरेदी करीत असल्याने जाहिरातदारांचे लक्ष तिच्यावर केंद्रित झाले.

वेळ व श्रम वाचतात, एवढे सांगणे मात्र पुरेसे ठरले नाही. मेसन हेअर यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्त्रियांच्या दोन गटांना खरेदीची प्रत्येकी एक यादी दाखविली. एकीत झटपट होणारी नेसकॅफे, तर दुसरीत मॅक्सवेल हाउसची दळलेली कॉफी, एवढाच दोहोंत फरक होता. यादी करणाऱ्या स्त्रीचे वर्णन करण्यास सांगितले असता नेसकॅफे घेणारीस जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी आळशी ठरविले. दुसरीविषयी असे मत फारच थोड्यांनी दिले. स्वयंपाक हे केवळ काम नसून गृहिणीच्या प्रतिष्ठेचा आधार आहे, हे यावरून दिसून आले.

ही अपराधभावना दूर करण्याचे मार्ग प्रेरणा-संशोधनाने सुचविले. व्हिएन्नात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट डिक्टर (१९०७–९१) हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होत. तयार पदार्थातही गृहिणीच्या कर्तृत्वास वाव राहावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. केकच्या मिश्रणात ताजी अंडी घालण्याची कल्पना त्यांचीच, अशी समजूत रूढ आहे. तथापि पिट्सबर्गच्या ‘पी. डफ अँड सन्स’ या कंपनीच्या १९३५ च्या एकस्वातच गृहिणींना ताजी अंडी पसंत असल्याचा उल्लेख आढळतो. विश्वास संपादन करण्यासाठी काल्पनिक व्यक्तींचाही उपयोग झाला. १९२१ मध्ये निर्माण केलेली ‘बेटी क्रॉकर’ ही अशीच सल्लागार होय. पिल्सबरी कंपनीने १९४९ पासून पाककृतिस्पर्धा भरवून गृहिणींचे कौशल्यच आपल्या पिठाच्या प्रचारास जोडले.

या जाहिरातींतील गृहिणी बहुधा गौरवर्णीय, उपनगरवासी व पूर्णवेळ घरात राहणारी असे. प्रत्यक्षात १९५० मध्ये सुमारे एक-तृतीयांश प्रौढ स्त्रिया श्रमिकवर्गात होत्या. व्हॅन्स पॅकर्ड यांनी १९५७ मध्ये प्रेरणा-संशोधनाच्या छुप्या प्रभावावर टीका केली. बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये अधिक मूलगामी आक्षेप घेतला : वाचलेला वेळ स्त्रीला स्वतःसाठी न देता नव्या गृहकृत्यांत गुंतविण्यात येतो आणि तिला घरातच ठेवण्यात विक्रेत्यांचे हित असते. लॉरा शापिरो यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी मात्र गृहिणी सर्वस्वी जाहिरातींच्या अधीन नव्हत्या, हे दाखवून दिले आहे. अनेक तयार पदार्थ त्यांनी नाकारले, तर काही आपल्या सोयीनुसार बदलून स्वीकारले.