मळ्यातील इंजिन आणि त्याचा पंप

परभणी जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक जमाबंदी, जहागिरींचे उच्चाटन, कुळकायदा आणि धरणे या क्रमाने जातात, आणि तो क्रम योग्यच आहे. परंतु विहिरीच्या काठावर येऊन बसलेल्या ऑइल इंजिनाला, आणि त्या इंजिनाचे सारे चलनवलन ज्याच्यावर अवलंबून असते त्या लहानशा इंधन-पंपाला, या इतिहासात जे स्थान मिळावयास हवे होते ते अद्याप मिळालेले नाही, असे मला मनापासून वाटते.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील ही काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन कापूस आणि ज्वारी यांसाठी प्रसिद्ध असली, तरी बागाईत मात्र पूर्वापार विहिरीच्या आधारानेच होत आले. निजामाच्या अमलात, जेव्हा जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या हाती होता आणि दप्तराची भाषा उर्दू होती, तेव्हा पाणी वर काढण्याचे मुख्य साधन चामड्याची मोट हेच होते. नाडा आणि सोंदूर या दोन दोरांवर ती मोट विहिरीत उतरे, बैल धावेवरून खाली जात तसतशी वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. बेसाल्टच्या खडकातील झरे मंद असतात. मोटेची गतीही मंद असल्यामुळे विहिरीचे देणे आणि शेतकऱ्याचे घेणे यांचा मेळ आपोआप राखला जाई.

या भूमीला यंत्राचा परिचय प्रथम घडला तो वाफेच्या रूपाने. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली, सेलू, परभणी, पूर्णा ही स्थानके कापसाच्या व्यापाराशी जोडली गेली, आणि मानवतसारख्या पेठांतून सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. पण वाफेचे इंजिन विहिरीवर येणे शक्यच नव्हते. त्याला बाष्पपात्र हवे, कोळसा हवा आणि अहोरात्र राखण करणारा माणूस हवा. रुडॉल्फ डिझेल याने 1897 मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले, तेही प्रारंभी अवजडच होते, कारण त्यात इंधन सिलिंडरमध्ये फवारण्यासाठी हवा दाबणारा स्वतंत्र संपीडक जोडावा लागे. हवेच्या साहाय्यावाचून, केवळ यांत्रिक दाबाने इंधन फवारण्याचे प्रयत्न अनेकांनी केले; परंतु श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने 1927 मध्ये असा पंप मोठ्या संख्येने तयार करण्यास प्रारंभ केला, तेव्हा लहान, स्वस्त आणि शेतकऱ्याच्या हाताने सुरू होणाऱ्या डिझेल इंजिनाचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला. म्हणून मळ्यातील मोट थांबविणाऱ्या कारणांची गणना करताना या पंपाला अग्रस्थान द्यावे लागते.

महाराष्ट्रात हा उद्योग लवकर रुजला. साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. लोखंडी नांगरापासून आरंभ केलेल्या किर्लोस्करांनी 1946 मध्ये पुण्याजवळ खडकी येथे ऑइल इंजिनांची कंपनी स्थापन केली. आणि 1951 मध्ये बंगळूर येथे मायको कंपनी निघाली, जिच्या नावाने पुढे पंप ओळखला जाऊ लागला. मराठवाड्याचे दैव मात्र याच काळात पालटत होते. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. तगाई आणि सहकारी कर्जे यांच्या बळावर पाच अश्वशक्तीचे इंजिन घेणारा शेतकरी हा या राजकीय स्थित्यंतराचाच एक परिणाम होय.

इंजिन विकत घेणे एक, आणि ते चालू ठेवणे दुसरे. लायनर झिजला, बेअरिंग गेले, तर गावचा मिस्त्री ते जागच्या जागी बसवी. पंपापाशी मात्र त्याचा हात आदराने थबके. पंपातील प्लंजर आणि बॅरल ही जोडी परस्परांवर घासून इतकी तंतोतंत मिळविलेली असते, की दोहोंमधील अंतर मिलिमीटरच्या सहस्रांशाने दोन-तीन भरते. त्यामुळे एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या जोडीच्या बॅरलमध्ये घालणे वर्ज्य मानले जाते. डिझेलात पाणी असले की तेथे गंज धरतो, धूळ गेली की ओरखडे पडतात, आणि स्वस्ताईच्या मोहाने रॉकेल मिसळले की वंगण तुटून झीज वेगाने होते. मग गार असताना कसेबसे सुरू होणारे इंजिन तापल्यावर एकदा बंद केले की हँडल मारून मारून माणूस थकला तरी पुन्हा पेटत नाही, कारण तापलेले पातळ डिझेल त्या झिजलेल्या फटीतून मागे निसटते आणि नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही.

असा पंप बदलण्याची रीत मिस्त्री लोकांनी पिढीजात शास्त्रासारखी जतन केली आहे. प्रथम पंपाभोवतीची सारी धूळ पुसावयाची, टाकीचा कॉक बंद करावयाचा, नळी सोडावयाची, गव्हर्नरच्या दांड्याशी पंपाचा रॅक कोठे अडकला आहे हे नीट पाहून ठेवावयाचे आणि मगच पंप उचलावयाचा. त्याच्या बुडाशी असलेल्या पातळ पत्र्या हा साऱ्या कामाचा प्राण होय, कारण इंधन पिस्टनच्या मृतबिंदूच्या किती अंश आधी फवारले जावे हे त्या पत्र्यांच्या जाडीवर ठरते. एक पत्री कमी वा अधिक झाली, तरी इंजिन धडधडू लागते किंवा काळा धूर ओकू लागते. नवा पंप बसल्यावर फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून, पंपाच्या तोंडाशी डिझेल कोणत्या क्षणी हलते ते पाहावयाचे आणि फ्लायव्हीलवरील खुणेशी ते पडताळावयाचे. शेवटी नळ्यांतील हवा काढावयाची. हवा धरलेला पंप कितीही नवा असला तरी निरुपयोगीच. नोझलचा करकर असा स्वच्छ आवाज कानी आला, की मिस्त्री कपाळावरचा घाम पुसतो. हे ज्ञान ज्या माणसांनी मिळविले, त्यांतील बहुतेकांनी एखाद्या उस्तादाच्या हाताखाली पाने आणि स्पॅनर देत देत, मराठी व दख्खनी यांच्या मिश्र बोलीत ते आत्मसात केले, आणि मला त्यांच्याविषयी वाटणारा आदर कोणत्याही अभियंत्याविषयीच्या आदराहून कमी नाही.

इंजिनाने शेतकऱ्याला दिले तसे एक संकटही दिले, हे मान्य केले पाहिजे. मोट ज्या विहिरीवर दिवसभर चाले, ती इंजिनाने काही तासांत कोरडी पडे. मग विहिरी खोल करणे, सुरुंग लावणे, आडवी छिद्रे मारणे यांची परंपरा सुरू झाली आणि 1972 च्या भीषण दुष्काळात तिची मर्यादा उघडी पडली. त्याच वर्षी 18 मे रोजी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. दरम्यान पूर्णा प्रकल्पाची येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे उभी राहिली होती, पुढे जायकवाडीचा डावा कालवा आला, गावोगाव विजेच्या तारा आल्या, आणि अनेक इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात सरली; तथापि वीज रात्रीबेरात्री येऊ लागली तशी ती पुन्हा बाहेर निघाली.

आता त्या इंजिनाचा वारसा लहान ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर यांच्याकडे गेला आहे. कपाशीच्या ओळींतून आणि फळबागांतून फिरणाऱ्या जुन्या एक-सिलिंडरी यंत्रात तोच एका प्लंजरचा पंप, त्याच पत्र्या आणि तेच नोझल असते. म्हणून विहिरीवरच्या इंजिनावर हात बसलेला मिस्त्री या यंत्राचा पंप उतरविताना नव्याने काही शिकत नाही, आणि जुन्या पंपाखालच्या पत्र्या आजही तो जपून काढून नव्याखाली घालतो.