घराण्याचे गाणे : इंद्रायणीकाठची एक नोंद

नाताळ जवळ आला की आमच्या घरी एक पत्र लिहिले जाते. वर्षभरात घरात काय घडले, कोण कोठे नोकरीस लागले, कोणाचे लग्न ठरले, कोण देवाघरी गेले, एवढे त्यात असते. पूर्वी ते आंतरदेशीय पत्रावर जाई. आता मुले दूरदेशी गेल्यामुळे ते निराळ्या मार्गाने जाते, एवढाच फरक. पत्राच्या अखेरीस घरच्या गाण्याविषयी एक ओळ असावी, असा आमचा जुना नियम. नाताळच्या रात्री कोणी पेटी वाजवली, कोणी तबला धरला, देवळातल्या गायनवृंदात कोणाला उभे राहावयास मिळाले, हे त्या ओळीत येई. गेली काही वर्षे ती ओळ लिहिताना आमचा हात अडतो. पेटीवर कापड पांघरलेले आहे. मुले मोठी झाली, आपापल्या वाटांनी गेली, आणि भजनाला बसणारी आम्ही दोघेच उरलो.

अशा मनःस्थितीत गेल्या हिवाळ्यात आम्ही मळवलीला दोन दिवस राहिलो. लोणावळ्याच्या अलीकडचे हे लहानसे स्थानक. पुण्याहून येणारी लोकल येथे क्षणभर थांबते व पुढे जाते. एका अंगाला कार्ल्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भाज्याची लेणी व त्यांच्या पाठीशी लोहगड-विसापूर ही जोडी. लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावलेली इंद्रायणी याच खोऱ्यातून देहू-आळंदीकडे वाहत जाते. येथे आलो ते केवळ विसाव्यासाठी. परंतु परतताना त्या अडलेल्या ओळीचे उत्तर सापडल्यासारखे वाटले. ते उत्तर वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

प्रथम भाज्याची पायवाट चढलो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास येथील चैत्यगृह कोरले गेले, असे अभ्यासक मानतात. जवळच्या विहाराच्या ओसरीत भिंतीवर एक शिल्प आहे. एक स्त्री उभ्या ठेवलेल्या वाद्यांवर हात टाकून बसली आहे व शेजारी दुसरी नाचते आहे. काहींना त्यात आजच्या तबल्याचा पूर्वज दिसतो, काहींना ते मान्य नाही. त्या वादात आम्ही पडत नाही. आमच्या मनात भरली ती दुसरीच गोष्ट. जेथे विरक्त भिक्षूंनी राहावयाचे, त्या जागेच्या दारातही कारागिरांना वादनाचे चित्र कोरावेसे वाटले. भक्तीला वाद्याची सोबत या मावळात फार जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी कार्ले पाहिले. येथील चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट. आतील खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. कोण कोठला, कोणाचा मुलगा, त्याने काय दिले, एवढाच मजकूर. कोणी व्यापारी, कोणी सुतार, कोणी भिक्षुणी. कोणी यवन म्हणवणारा, कोणी कोण्या मुलाची आई. जणू अनेक घराण्यांची वार्षिक पत्रे दगडावर लिहून ठेवली आहेत! त्यांतील एका खांबाचा दाता सोपाऱ्याचा आहे. आपल्या वसईजवळचे नालासोपारा ते हेच. हा दाता ‘भाणक’ होता, म्हणजे धर्मवचने मुखोद्गत करून ती म्हणून दाखवणारा. सागरकिनाऱ्यावरचा एक पाठक घाट चढून येतो व मावळातल्या खांबावर आपले नाव ठेवून जातो. वसईच्या धर्मग्रामांतून आलेल्या आमच्यासारख्यांना तो क्षणभर आपला गावकरीच वाटला.

परंतु आम्ही जिच्याविषयी लिहू इच्छितो ती नोंद दगडावर नाही. ती या नदीच्या प्रवाहाबरोबर खाली देहूस आहे. ती आहे तुकोबांच्या घराची.

तुकाराम महाराजांविषयी बोलताना आपण बहुधा एका माणसाविषयी बोलतो. वस्तुतः ते एका घराण्याविषयी बोलणे आहे. त्यांचे पूर्वज विश्वंभरबुवा पंढरीचे वारकरी. देहूच्या विठ्ठलमंदिराची परंपरा त्यांच्यापासून सांगतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. घरात सावकारी होती, गावची महाजनकी होती आणि वर्षाकाठी पंढरीची वारी होती. तुकोबांचा जन्म साधारणपणे १६०८ चा मानतात. ऐन तारुण्यात मोठा दुष्काळ पडला आणि त्यांची पहिली पत्नी रखमाबाई व लहानगा संतोबा ही दोघेही गेली. त्या वर्षी या घरातून कोणी नातेवाइकांस खुशाली लिहिली असती, तर काय लिहिले असते? दिवाळे निघाले, माणसे गेली, घरचा कर्ता डोंगरावर जाऊन बसतो. आणि नेमक्या त्याच वर्षांतून अभंग जन्मास आले.

दुसरी पत्नी जिजाबाई. लोकांनी तिला कजाग ठरवले. पण भाकरी घेऊन डोंगर चढणारी तीच होती, आणि पोराबाळांच्या तोंडी घास कसा घालावा ही चिंताही तिचीच होती. भक्तीचे गाणे घरात घुमत असताना चूल कोणी पेटती ठेवली, हा प्रश्न आपल्या गायक-वादकांच्या घरांनीही स्वतःला विचारण्यासारखा आहे.

तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवावे लागले ही हकिगत सर्वश्रुत आहे. वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या असे परंपरा सांगते. काही अभ्यासक म्हणतात की वह्या बुडाल्या तरी गाणे बुडणे शक्य नव्हते, कारण ते तोवर टाळकऱ्यांच्या मुखी बसले होते. याच मावळातल्या सुदुंबऱ्याशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या संताजी जगनाडे यांनी, आणि गंगाजी मवाळ यांनी, अभंग लिहून ठेवले. धाकटा भाऊ कान्होबा यानेही अभंग रचले. गाणे एकाने रचले, पण ते सांभाळले अनेकांनी.

आता मुलांकडे वळू. १६५० साली तुकोबा गेले तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या, असे सांगतात. त्यानंतर जन्मलेला मुलगा म्हणजे नारायण महाराज. या मुलाने वडिलांना पाहिले नाही. वडिलांचे कीर्तन त्याने ऐकले नाही. टाळ कसा धरावा हे वडिलांनी त्याला शिकवले नाही. तरी १६८५ साली, वयाच्या पस्तिशीत, त्यानेच वडिलांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानदेवांच्या पादुका बरोबर घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. आज जेष्ठ वद्य सप्तमीला देहूहून जी पालखी निघते, तिचा उगम हा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीची पालखी स्वतंत्र केली. पण दोन्ही पालख्यांच्या मुळाशी देहूचा तो पितृहीन मुलगा आहे.

वाचकहो, येथे आम्ही थांबलो. आमची तक्रार अशी होती की आम्ही मुलांना इतके शिकवले, तरी त्यांनी पेटी सोडली. आणि येथे एक मुलगा असा, की ज्याला वडिलांनी काहीच शिकवले नाही, तरी त्याने वडिलांचे गाणे गावोगाव नेले. शिवाय ते वडिलांप्रमाणे नेले नाही. वडील कवी होते, मुलगा योजक झाला. वडिलांनी शब्द दिले, मुलाने त्या शब्दांना रस्ता दिला.

याच वाटेवर पुढे आपल्या ख्रिस्ती समाजातले एक घर भेटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे बोल प्रसिद्ध आहेत. भजन व कीर्तन ही देशी रूपे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. तरी मराठीत ख्रिस्ताची गाणी गाणारे कोणतेही देऊळ त्यांचे ऋण नाकारू शकणार नाही. आपल्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला आणि लोकभाषेला व स्थानिक संगीताला वेदीजवळ जागा मिळाली. टिळकांनी ती वाट कित्येक दशके आधी चालून पाहिली होती.

पण धर्मांतराने त्यांचे घर फुटले, हेही सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्यांतला काही काळ पंढरपुरात गेला. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तेव्हा अपुरे होते. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. अक्षरे त्या पतीकडून शिकल्या. त्यांनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्ताने, लिहिला. बाप, आई आणि मुलगा अशा तिघांनी मिळून एक ख्रिस्तचरित्र पूर्ण करावे, असे उदाहरण मराठीत दुसरे आम्हाला ठाऊक नाही.

याच मुलाला वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी लिहून काढावयास लावले. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ झाला. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या आणि अखेरचा भाग मुलाने पुरा केला. या पुस्तकाचे मोठेपण कशात आहे? त्यात टिळकांचा विक्षिप्तपणा आहे, नवरा-बायकोची भांडणे आहेत, उपासमार आहे, फजिती आहे आणि हे सगळे हसत सांगितले आहे. आपल्या वार्षिक पत्रांत मात्र परीक्षेतले गुण असतात, बढत्या असतात, नव्या घराचे वर्णन असते. भांडण नसते, कर्ज नसते, मिस्सेला न येणारा मुलगा नसतो. अशी पत्रे वाचून नातेवाईक संतुष्ट होतील. नातवंडांना त्यांतून आपले आजी-आजोबा मात्र भेटणार नाहीत.

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनीही घरी पत्रे लिहिली होती. गोव्यास पोहोचल्यावर १० नोव्हेंबर १५७९ रोजी त्यांनी वडिलांना प्रवासाचा वृत्तान्त कळवला. १५८३ साली भावाला लिहिताना येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य त्यांनी नोंदवले. त्या कुटुंबाने एक मुलगा दूरदेशी गमावला असे त्या काळी कोणी म्हटले असेल. १६१६ साली मराठीला ख्रिस्तपुराण मिळाले ते त्याच मुलाकडून. दूर गेलेले मूल हरवलेलेच असते असे नाही. त्याचे गाणे कोणत्या भाषेत उमटेल, हे आईबापांना आधी कळत नाही, इतकेच.

मळवलीहून निघताना संध्याकाळ झाली होती. फलाटावर लोकलची वाट पाहताना आम्ही दोघांनी यंदाच्या पत्राचा मजकूर ठरवला. त्यात लिहिले जाईल की पेटी बंद आहे व आम्हाला त्याचे वाईट वाटते. धाकटा चार वर्षे घरी आला नाही आणि त्याच्याशी झालेल्या भांडणात चूक आमचीही होती, हेही लिहिले जाईल. थोरलीने परदेशातल्या एका लहान धर्मग्रामात मुलांना मराठी नाताळगीत शिकवले. ही बातमी गेल्या वर्षी आम्ही क्षुल्लक म्हणून गाळली होती, ती यंदा पहिल्या परिच्छेदात येईल.

आणि अखेरची ती ओळही असेल. घरी पोहोचल्यावर आम्ही पेटीवरचे कापड काढले. भात्याला एके ठिकाणी चीर गेली आहे, दोन सूर बोलत नाहीत. दुरुस्तीला दिली आहे. नाताळपर्यंत परत मिळेल.