फिलोमिना : अस्थी, नाम आणि कथा

रोममधील प्रिसिल्लाच्या भूमिगत दफनभूमीत १८०२ सालच्या मे महिन्यात एक थडगे उघडण्यात आले. त्याच्या मुखाशी भाजलेल्या मातीच्या तीन फरश्या असून त्यांवर तांबड्या रंगात लॅटिन अक्षरे लिहिलेली होती. डावीकडून वाचता 'लुमेना – पाक्स ते – कुम फि' असा पाठ मिळे. त्यातून अर्थबोध होत नसे. पहिली फरशी शेवटी नेली असता मात्र 'पाक्स तेकुम फिलुमेना', म्हणजे 'फिलुमेना, तुला शांती असो', असे सुसंगत वाक्य सिद्ध होई. आत बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या अस्थी व काचेचे एक भग्न पात्र आढळले.

फरश्यांवर नांगर, बाण आणि ताडाची फांदी ही चिन्हे होती. ताडाची फांदी आणि रक्ताने माखलेले पात्र ही रक्तसाक्ष्याच्या थडग्याची लक्षणे मानावीत, असा निर्णय धर्मपीठाने १६६८ मध्ये दिला होता. त्या निकषानुसार ही मुलगी रक्तसाक्षी ठरली. १८०५ मध्ये फ्रान्चेस्को दे लुचिया या धर्मगुरूने तिच्या अस्थी नेपल्सजवळील मुन्यानो या गावी नेल्या.

येथवर हाती अस्थी आणि नाम होते, चरित्र नव्हते. ते १८३३ मध्ये नेपल्सच्या मारिया लुइझा या साध्वीला झालेल्या साक्षात्कारातून पुढे आले. त्यात फिलोमिना ही ग्रीक राजकन्या असून डायोक्लीशन बादशहाशी विवाह करण्याचे नाकारल्यामुळे तिला नांगर बांधून टायबर नदीत टाकले, बाणांनी विंधले व अखेरीस तिचा शिरच्छेद केला, असे वर्णन आहे. येथे फरश्यांवरील चिन्हांचेच प्रसंग झाले, हे उघड आहे. वस्तुतः प्राचीन ख्रिस्ती लेखांत नांगर हे आशेचे रूढ प्रतीक होय. नामाचीही तीच गत झाली. 'प्रकाशकन्या' अशी त्याची लॅटिन फोड लोकप्रिय झाली. परंतु मूळ शब्द ग्रीक कर्मणी धातुसाधित असून त्याचा अर्थ 'प्रेमपात्र झालेली' एवढाच आहे.

१८३५ मध्ये पोलीन झारिको ही फ्रेंच स्त्री मुन्यानो येथे दुखण्यातून बरी झाली आणि १८३७ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी या संतेच्या उपासनेस मान्यता दिली. आर्सचे धर्मगुरू जाँ व्हियानी हे तिचे निस्सीम भक्त होते.

१९०४ मध्ये पुरातत्त्वज्ञ ओराझ्यो मारुक्की यांनी मूळ लेखाकडेच लक्ष वेधले. त्यांच्या मते फरश्या जुन्या थडग्याच्या असून चौथ्या शतकात त्या पुन्हा वापरल्या गेल्या. त्यांवरील नाव आतील देहाचे नव्हे, हे कळावे म्हणूनच त्यांचा क्रम बदलण्यात आला. कारागिराच्या हातून चूक झाली असावी, असा प्रतिपक्ष आहे. मारुक्कींचे मत ग्राह्य धरल्यास मुलगी एक आणि फिलुमेना दुसरीच ठरते. १९६१ मध्ये धर्मपीठाने तिचा सण पंचांगांतून वगळला. तथापि मुन्यानोचे तीर्थ टिकून आहे. म्हैसूरचे भव्य चर्च तिच्या नावाने ओळखले जाते आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत 'फिलोमेना' हे नाव परिचित आहे.

बालसंतांच्या बाबतीत हा धोका विशेष संभवतो. प्रौढ संतामागे ग्रंथ, पत्रे वा शिष्य राहतात. बालकामागे बहुधा केवळ देह राहतो आणि भोवतालच्या प्रत्येक खुणेला चरित्राचा भार वाहावा लागतो. म्हणून अस्थी, नाम आणि कथा यांचा पुरावा पृथक्पणे तपासणे अवश्य ठरते. या परीक्षणानंतरही एक गोष्ट अबाधित राहते : रोममध्ये एक अल्पवयीन मुलगी मृत्यू पावली होती आणि कोणीतरी तिला दफनभूमीत जागा दिली होती. तिचे नाव काय होते, हे मात्र त्या तीन फरश्यांच्या आधारे निश्चितपणे सांगता येत नाही.